साहेबांना जागा

बातमी आली तेव्हा आम्ही नेहमीसारखे मोहल्ल्यातल्या सरकारी वाचनालयात पेपर वाचत बसलो होतो. खर्चात कपात होणार होती. जिथे वाचक दिसणार नाहीत ते वाचनालय बंद, आणि पाहणीला उद्याच साहेब येणार.

मग काय, दुसऱ्या दिवशी अख्खा मोहल्ला हजर! पेपरची पानं सुटी करून एकेक पेपर चौघंचौघं वाचत होते. बाहेर जीप थांबली आणि आमचे पोटे गुरुजी ताडकन उठले.

"चला गा, उठा! साहेबाले बसाले जागा नको का?"

सगळे भराभर मागच्या अंगणात गेलो आणि साहेबांनी बोलवायची वाट पाहत हात बांधून उभे राहिलो. खुर्ची सोडली नाही ती फक्त माझ्या बायकोनं, सुमननं.

"काहून उठून राहिले जी तुम्ही? बसा नं!" ती ओरडली. पण ऐकतो कोण?

साहेबांनी रिकाम्या खुर्च्या पाहिल्या. "बाई, इथं कोणी येत नाही का?"

"भरपूर येतात. तुमच्यासाठी उठले. मागे उभे आहेत, बोलावते."

"माझ्यासाठी?" साहेब हसत जीपकडे वळले. "माझ्या ऑफिसात तर माझ्यासाठी कोणी उठत नाही."

महिन्याभरात वाचनालयाला कुलूप लागलं. सुमन म्हणाली, "आपण दोघं जाऊ साहेबाकडे, समजावून सांगू." उन्हाळा उतरला की जायचं ठरलं. त्याआधीच सुमन वारली.

साहेबांकडे जायचं राहिलं.