ग्रेटर गाव

ग्रेट ऑडबीच्या थांब्यावर मी दुपारच्या बसची वाट बघत होतो. शेजारी आमच्या गावचा म्हातारा मर्विन आणि पलीकडच्या लिटल ऑडबीची एनिड. मर्विन तिला सांगत होता,

"दोन गावांतला एक थांबा बंद होणार ना? आमचा नाही होत. आज बैठकीला बस कंपनीचे साहेब येतायत, त्यांनी नुसतं गावाचं नाव वाचायचं. ग्रेट! तीस खुर्च्या मांडल्यात मी. केकपण आणलाय."

"बैठक आमच्याकडे आहे रे."

"चष्मा बदल, एनिड. पत्रात स्पष्ट लिहिलंय, 'दोन्हींपैकी ग्रेटर गावात'."

"ग्रेटर म्हणजे जास्त मोठं."

"ग्रेट म्हणजे थोर!"

"ते मागाहून. मुळात ग्रेट म्हणजे जाडजूड, भरड. पाद्रीबाबांनीच सांगितलं. मग त्याचं झालं मोठं. एका नावाची दोन गावं, म्हणून मोठ्याला ग्रेट म्हणाले, छोट्याला लिटल. थोरपणाचा काय संबंध त्यात?"

"मग मोठं आमचंच की!"

"तेव्हा होतं. आता घरं किती तुमची?"

"अकरा."

"त्यातली बंद किती?"

"दोन."

"आमची चारशे."

"...किती वाजता आहे बैठक?"

"साडेतीनला. या बसनं पोचशील. खुर्च्या राहू देत, केक तेवढा घे."

मर्विन केक घेऊन धापा टाकत परत आला, तेवढ्यात बस आली आणि न थांबता निघून गेली. पाटी झाकलेली दिसली की ड्रायव्हर थांबा बंद समजतात, आणि आमच्या पाटीवर मर्विननं सकाळीच एक चादर बांधली होती, 'आमचा थांबा वाचवा' असं लिहून.