पाशाचा कुजका सोफा

...आणि वर दिग्दर्शक मलाच म्हणतात, अम्म मुईझ, तुमचा खोकला आता प्रतीक झालाय. अम्म म्हणजे काका, इथं सगळे मला अशीच हाक मारतात. तुम्हाला सांगतो, अठ्ठावीस वर्षं या अलेक्झांड्रियात मी एकाच नाटकात मरणारा पाशा होतोय, तिसऱ्या अंकात सोफ्यावर बसायचं, खोकायचं, मरायचं आणि घरी जाऊन भात खायचा, कधी काही झालं नाही. यंदा दिग्दर्शक नवे, उस्ताद वगीह, शिकलेला माणूस. म्हणाले, "पाशाचा आजार हा घराण्याचा आजार, भिंतीवरची बुरशी ही राजवटीची बुरशी." म्हटलं असेल बाबा, आपण चौथीत शाळा सोडली. पण हा माणूस समुद्राकाठच्या कुठल्याशा तळघरातून खराखुरा कुजलेला सोफा उचलून घेऊन आला... बसलं की हिरवी धूळ उठते, आणि आठवडाभरात खोकला माझ्याबरोबर घरी यायला लागला. अहो, छातीत कफ आहे, प्रतीक नाही.

माझा बाप असाच गेला हो, बंदरावर कापसाच्या गासड्या वाहायचा, खोकत खोकत गेला. जीव थाऱ्यावर राहील कसा? बायकोला म्हटलं, इन्शिराह, ऐक जरा. ती भाजी निवडता निवडता म्हणते, "तालमी तिकडेच उरकून येत जा."

मग भर प्रयोगात खरा ठसका लागला, श्वास अडकला, डोळ्यांपुढे काजवे, आणि थिएटरच्या माडीवरून लोक काय ओरडतात? "अल्लाह, अम्म मुईझ, पुन्हा एकदा!" आणि मी मूर्ख... दिला की पुन्हा. अठ्ठावीस वर्षांची खोड. पण छातीत कफ आहे, प्रतीक नाही, हे यांना कोण सांगणार?

गेलो डॉक्टर लबीबकडे, सोफ्याचं, बापाचं सगळं सांगितलं. म्हणाला, "खोका." खोकलो. "हा तिसऱ्या अंकातला झाला, आता तुमचा स्वतःचा खोका." आता काय सांगू, माझा स्वतःचा कुठला तेच आठवेना. शेवटी छातीचा फोटो काढला, उजेडात धरला, उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाला, "बुरशीची धूळ गेलीय आत. अजून वेळ गेलेली नाही, पण त्या सोफ्यावर पुन्हा बसलात तर वडलांच्या वाटेनं जाल."

उस्तादांना सांगितलं. म्हणाले, "सोफा काढला तर नाटकात उरलं काय?" म्हटलं, मी उरेन. तर विचारात पडले. कफ आहे साहेब, प्रतीक नाही... पण ऐकतो कोण.

मग गुरुवारी मीच ठरवलं, बसायचं नाही, उभ्यानंच मरायचं. खिडकीशी उभा राहून खोकलो, चांगला खणखणीत खोकलो. सगळं थिएटर थंड. एक माणूस हलेना. तेवढ्यात पहिल्या रांगेतून, बायकापोरांना घेऊन आलेला डॉक्टर लबीब, तोंडाशी हात धरून म्हणतो, "अम्म मुईझ, सोफ्यावर बसा की, रंगत येईना."

आता डॉक्टरच म्हणतोय म्हटल्यावर... बसलो.