माझ्या जंतांना काही होईना

जळणं म्हणजे काय, ते मला प्रयोगशाळेत कळलं. मी आणि रोह्याची वैशाली बारीक जंतांना बुरशी लावून ती कधी पसरते, ते बघायचो; जंत जितके लवकर आजारी, तितका प्रयोग यशस्वी. वैशालीचे जंत दुसऱ्या दिवशीच आजारी, माझे आठवडाभर ठणठणीत! वर ती विचारायची, "काय गो, तुझे अजून धडधाकट?"

रोज फोनवर आईकडे चडफडायचे. शेवटी पेणला घरी आले, तर आई पापडांचा डबा उघडून कपाळाला हात लावून बसलेली.

"काल भरले गो, आज बुरशी!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "एका दिवसात? नशीबवान आहेस!"

आईने माझ्याकडे रोखून बघितलं आणि डबा पुढे सरकवला.

"घाल तुझ्या किड्यांना. त्या रोहेकरणीला मात्र तुकडा पण द्यायचा नाय!"