गुणाजी मांडवातच होता

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष, गडबचे हिरामणशेठ. ज्यांनी हा दावा नेटाने लढवला त्या वकील मृणालीताई. लग्नाचे विधी गाऊन पार पाडणाऱ्या आपल्या धवलारीण काशीबाई. सत्कारमूर्ती गुणाजी, त्याच्या सौभाग्यवती विमलबाई. आणि पेण-रोह्याहून, मिठागरांवरून, शिफ्ट बदलून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

जेवण तयार आहे असं मला दोनदा सांगण्यात आलंय, तेव्हा मी थोडक्यात बोलेन. मास्तराच्या 'थोडक्यात'वर तुमचा विश्वास नाही, हेही मला ठाऊक आहे.

गुणाजी माझा विद्यार्थी. खिडकीबाहेर मिठाचे पांढरेशुभ्र ढीग, आत मी चालीवर कविता म्हणतोय, पोरं माना डोलावताहेत... काय ते दिवस होते! गुणाजीला मात्र एकही कविता पाठ झाली नाही. विचारलं की म्हणायचा, "गुरुजी, पोट दुखतंय." हे पोट लक्षात ठेवा. ते पुढे हायकोर्टापर्यंत गेलं.

मोठेपणी तो धाटावच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे कामाला लागला. हिरामणशेठांच्या थोरल्या मुलीचं लग्न निघालं. आता लग्नाला रजा मागितली तर मिळत नाही. पोट दुखलं तर कुणाचा इलाज नाही. आपल्यापैकी कुणाचं पोट असं दुखलेलं नाही? हात वर करू नका, ठेकेदार समोरच बसलेत.

तर गुणाजी गडबच्या मांडवात होता, कमरेला कोठीची किल्ली लावून. कोठी म्हणजे मांडवामागची खोली. वडे, नारळ, मटणाची पातेली सगळं तिथे. जिच्यापुढे व्याहीसुद्धा हात जोडतात ती किल्ली कुणाकडे द्यायची, यावरून आपल्याकडे माणसाची पत कळते. कितीतरी लग्नं ती गुणाजीकडेच होती.

त्याच दुपारी कंपनीतून तांब्याची तार चोरीला गेली. वॉचमनने पळणाऱ्याचा निळा शर्ट पाहिला. निळा शर्ट ठेकेदाराने सगळ्यांनाच दिला होता, पण गैरहजर एकटा गुणाजी! पोलिसांनी विचारलं, "कुठे होतास?" नोकरीच्या धास्तीने तो माझ्या वर्गातलंच उत्तर बोलून गेला, "घरी. पोट दुखत होतं." दुसऱ्या दिवशी खरं सांगितलं, तर म्हणे जबाब बदलला. गाव साक्षीला उभं राहिलं, तर म्हणे सगळे नातेवाईक. अहो, खाडीकाठी नात्यात नसलेला माणूस आणायचा कुठून? कोर्टात लग्नाचा व्हिडिओ लावला, चेहरे तर बघायचेत म्हणून आवाज बंद ठेवून. त्यात गुणाजी नाही. दिसणार कसा? ठेकेदार बघेल म्हणून कॅमेरा आला की हा वड्यांच्या टोपलीमागे!

खालच्या कोर्टाने शिक्षा ठोकली, दोन वर्षं आत गेली. मग हायकोर्टाने संशयाचा फायदा देऊन सोडलं. पुढच्या लग्नात गुणाजी इस्त्रीचा शर्ट घालून सवयीने कोठीच्या दाराशी गेला. कुणीतरी मायेनेच म्हणालं, "तू बस ना दादा, दमला असशील. किल्ली दिलीय दुसऱ्याकडं."

तो बसला. जेवला मात्र नाही. घरी विमलबाई म्हणाल्या, "सुटलाव खरं, पन चोर नाय असं कोन बोललाय?"

म्हणून हा भरपाईचा दावा. मृणालीताईंनी समजावलं की सुटायला समोरच्याचा पुरावा लंगडा पडला तरी चालतं. भरपाईला मात्र आपण खरोखर केलं नाही, हे आपणच दाखवायचं. गुणाजी म्हणाला, "ताई, केलेलं कायतरी मागं ऱ्हातं. न केलेलं कुठं ऱ्हातं?"

मंडळी, ते धवल्यात, आपल्या लग्नाच्या गाण्यात राहिलं होतं! हिरामणशेठांची मुलगी माहेरी आली, तिने लग्नाचा व्हिडिओ लावला. धवले आले की आपण आवाज बंद करतो, खरं ना? त्या दिवशी रिमोट सापडेना. विमलबाई तिथे बसल्या होत्या. धवलारणीची रीत आपल्याला ठाऊक आहे, देवांची नावं घेऊन झाली की समोर दिसेल त्याला नावानिशी टोमणा. काशीबाई कोठीसमोर बसल्या होत्या. आणि ऐकू आलं:

"कोठीचे दारान गो कोन बसलाय लपून,
गुणादादा बसलाय वडं चापून!
सायबाला सांगतो, पोट दुखतंय फार,
मांडवान खातो वडं चार चार!"

तोच व्हिडिओ कोर्टात आवाजासकट लावला आणि काशीबाई साक्षीला उभ्या राहिल्या. समोरचे वकील म्हणाले, "बाई, हे तुम्ही मागाहून रचलंत."

काशीबाई म्हणाल्या, "गाताना मागं नवरीला न्हाऊ घालतान, दिसतंय ना? मंग तिला परत न्हाऊ घातली का काय आमी?"

"तुम्ही गुणाजीच्या नातेवाईक?"

"हाय ना! त्याच्या बायकोची मामी. म्हनून तर त्याची लाज काढली. परक्याची कोन काढतंय?"

न्यायाधीशांनी कडवं पुन्हा म्हणायला सांगितलं, तर मागच्या बाकांवरच्या बायकांनी ध्रुपद धरलं. शिपाई "शांतता, शांतता" म्हणाला, तोही चालीत! निकालात वाक्य आलं, 'गुणाजी त्या दुपारी मांडवातच होता. चोरी त्याने केलेली नाही.' भरपाई किती ते मी विचारलं नाही, विमलबाईंनीही कुणाला सांगितलेलं नाही. पण कवितेचा उपयोग काय, असं मला जन्मभर विचारणाऱ्यांना मी आता ते वाक्य म्हणून दाखवतो. कडव्यात मात्रा थोड्या चुकल्यात, पण कोर्टाने हरकत घेतली नाही, मग मी कोण?

शाल झाली, श्रीफळ झालं. गुणाजी, ती शाल तू अशी धरून बसलायस, जणू कुणाची तरी सांभाळायला दिलीय. अध्यक्षमहाराज, पुढच्या महिन्यात धाकट्या लेकीचं लग्न आहे आणि मघापासून तुमचा हात खिशातून निघत नाही. आणलीच आहे कोठीची किल्ली, तर द्या ना! भाषण संपायची वाट कशाला बघता?

...ही बघा, दिली. वाजवा, आता टाळ्या वाजवा.

आपण शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. म्हाताऱ्याच्या जिभेवरून काही वेडंवाकडं गेलं असेल, तर ते पोटात घाला. आणि गुणाजी, ठेकेदारसाहेब ऐकताहेत तोवर रजा आत्ताच मागून घे. कारण लग्न सांग. पोटाला या वेळी विश्रांती दे.