जीपवरच्या काठ्यांची सावली

मी, आसाराम वल्द मुकुंदा पांचाळ, वय अंदाजे अडुसष्ट वर्षे, धंदा सुतारकाम, राहणार बोरी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी. शिक्षण मराठी चौथी पास. सही मी स्वतः करतो, अंगठा उठवीत नाही. गावच्या महादेवाची काठी, म्हणजे शेंड्याला लाल कापड बांधून चैत्रात मिरवीत नेतात ती उंच काठी, घडविण्याचा मान माझ्या आजोबांपासून आमच्या घरात आहे. ही गोष्ट प्रथम लिहावी असे मी सांगितले, व ती लिहिली गेली.

आज एप्रिल १९५७ मध्ये, चैत्र शुद्ध त्रयोदशीस, चौकीत समक्ष उभा राहून, कोणीही न बोलाविता स्वखुशीने लिहून देतो की, जीपचालक चंद्रभान यास काल सकाळपासून येथे बसवून ठेवलेले आहे. त्याने धुरपताबाई नावाच्या म्हातारीच्या अंगावर जीप घातली, व मासे धरावयाच्या काठ्या देवाची काठी म्हणून मिरवून लोकांना फसविले, अशी तक्रार देवस्थानचे मानकरी दिनकरराव यांनी दिली आहे. चंद्रभानचे लायसन जप्त आहे. ते गेल्यास त्याची नोकरी जाईल. त्या वेळी जीपमध्ये चंद्रभानखेरीज मी एकटाच होतो, म्हणून मी आलो.

पूर्णा नदीवर धरण होणार आहे. त्याच्या मोजणीकरिता आलेल्या इंजिनिअर साहेबांची ही सरकारी जीप आहे. साहेबांना गळाने मासे धरण्याचा नाद असून तसा परवाना त्यांच्याजवळ आहे. काठ्या लांब, बारीक व जोड असलेल्या आहेत. दर वेळी सोडून बांधल्या तर सांधे ढिले होतात, असे साहेबांचे म्हणणे होते. त्या जोडलेल्याच नेता याव्यात म्हणून जीपवर लाकडी चौकट करून द्यावी, असे त्यांनी मला बोलावून सांगितले.

जी वस्तू बसवावयाची ती काम करताना पाहिल्याखेरीज मी लाकडाला हात लावीत नाही. तसे मी साहेबांस सांगितले. त्यांनी मला डोहावर नेले. साहेबांनी दोरा पाण्यावर टाकला. तो दोरा मला दिसत नव्हता, फक्त पाण्याला एक टिंब पडलेले दिसले. नंतर काठी वाकली. मी जन्मभर लाकूड वाकविले आहे. भिजवून, शेकून, दिवस दिवस दाबून ठेवून ते जेवढे वाकते, त्याहून अधिक ती काठी एका क्षणात वाकली व मोडली नाही. तिचा शेंडा मुठीला येऊन भेटेल असे वाटले. मासा लहान मुलाएवढा होता. साहेबांनी तो काठाला आणला, तोंडातला गळ काढला आणि त्याला परत पाण्यात सोडले. मी माळकरी आहे, मासा खात नाही. तरी मी विचारले, "साहेब, सोडला कशापायी?" साहेब म्हणाले, "भेट झाली ना, मिस्त्री." मग मी काठीची जाडी दोरीने मोजून घेतली.

चौकट सागवानाची आहे. सरकारी गाडीला छिद्र पाडण्यास परवानगी नसल्याने लोहाराकडून लोखंडी पट्ट्या करून ती आवळून बसविली आहे. काठ्या घासू नयेत म्हणून खाचांत घोंगडीचे तुकडे लावले आहेत. मुठी पुढे खाली व शेंडे मागे वर, अशा त्या तिरप्या राहतात. प्रश्न विचारल्यावरून सांगतो की, चौकट चालकाच्या विरुद्ध बाजूस असून त्याची नजर अडत नाही. दिवे झाकले जात नाहीत. नंबराची पाटी पुढून व मागून पूर्ण वाचता येते. वाचून पाहावी.

चौकट बसविली त्या दिवशी मुंजाजी जमादार रस्त्यावर उभे होते. त्यांनी जीप थांबविली आणि म्हणाले, "चंद्रभान, ह्या काठ्या गाडीच्या भाईर निघायल्यात. कायदा हाय. शेंड्याला लाल फडकं बांधा, न्हाईतर गाडी पुढं जायची न्हाई." त्यावरून मी घरून लाल खारवा आणून शेंड्यांना बांधला. हा जबाब मुंजाजी जमादार स्वतःच लिहून घेत आहेत. हे वाक्य आवश्यक आहे काय, असे त्यांनी मला विचारले. आवश्यक आहे, असे मी सांगितले. काही वेळाने त्यांनी ते लिहिले.

तो खारवा देवाच्या काठीकरिता आणलेल्या ताग्यातून उरलेला होता. घरात दुसरे लाल कापड नव्हते. गाठ मारताना माझ्या हाताने देवाच्या काठीची गाठ मारली, कारण काठीला कापड बांधावयाचे म्हटले की माझ्या हाताला तीच एक गाठ येते. काम पुरे झाल्यावर मी प्रत्येक वस्तूला हळदकुंकू लावतो, मग ती बैलगाडी असो की पाळणा. चौकटीलाही लावले. यात चंद्रभानचा हात नव्हता. तो उलट हसून म्हणाला होता, "बाबा, नवरी सजवायलेत का गाडी?"

काल द्वादशीस सकाळी, ऊन नुकतेच वर आले असता, चंद्रभान जीप घेऊन साहेबांना आणावयास नदीकडे निघाला. खाचा चालत्या गाडीत काठ्या कशा धरतात हे पाहण्यासाठी मी मागे बसलो. मी मोटारीत प्रथमच बसत होतो. वाऱ्याने काठ्या थरथरत होत्या व त्यातून एक बारीक आवाज येत होता, तसा आवाज मी कोणत्याही लाकडातून ऐकलेला नाही. देवाची काठी त्याच दिवशी निघते. परंतु ती वरच्या वाटेने जाते, आमच्या रस्त्याने येत नाही.

गावाबाहेरच्या वळणावर धुरपताबाई उभी होती. तिच्या पायांना सूज असल्याने तिचे काठीला जाणे बंद झाले आहे. तिने जीप येताना पाहिली. हातातला तांब्या तिने रस्त्यावर ओतला, पदर डोक्यावर घेतला आणि ती रस्त्याच्या मधोमध आडवी झाली. काठी अंगावरून गेली पाहिजे म्हणून आमच्याकडे बायामाणसे अशीच आडवी होतात, व काठी जाताना डोळे उघडे राहिले तरच ती पावली असे मानतात. चंद्रभानने जीप तिच्यापासून पुष्कळ अलीकडे थांबविली आणि इंजिन बंद केले. हे मी शपथेवर सांगतो.

चंद्रभान खाली उतरला व म्हणाला, "मावशे, ऊठ गं. ही देवाची काठी न्हाई. मासे धरायची हाय."

ती पडल्या जागेवरून म्हणाली, "देवानं कशावर बसून यावं ते तू ठरविणार का रं?"

"अगं, साहेबाची हाय ती! गळ लावतेत तिला!"

"मग तुझ्या साहेबालाच देवानं गळ लावला आसंल. मी न्हाई उठत."

एवढ्यात शेतांतून माणसे जमली. कोणी टाळ्या वाजविल्या. कोणी म्हणाले, "बैलं थकली म्हणून सरकारनं देवाला जीप देली." हसणारे हसत होते, परंतु त्यांच्यापैकी काहींनी पायांतल्या वहाणा काढल्या होत्या, हे मी पाहिले. एकाने नारळ फोडला. चंद्रभानने तो मागितला नव्हता, व खोबऱ्याचा तुकडा तोंडातही घातला नाही.

मी खाली उतरून म्हणालो, "धुरपता, मी आसाराम सुतार. देवाची काठी मी घडवितो. ही ती न्हाई."

ती म्हणाली, "आसारामा, गाठ तुझीच हाय."



चंद्रभान तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने मला विचारले, "बाबा, सूर्य कुण्या बाजूला हाय?" मी हाताने उगवती दाखविली. तो जीपमध्ये बसला. त्याने एक दांडी ओढली. ही दांडी ओढली असता पुढची चाकेही जोर घेतात, असे मला नंतर कळले. मी आयुष्यभर गाड्या घडविल्या, परंतु ओढणारा बैल आणि ओढली जाणारी गाडी एकच असू शकते, हे माझ्या मनात कधी आले नव्हते. त्याने जीप उगवतीच्या बाजूस रस्त्याखाली उतरविली. तेथे चर आहे, चराच्या पुढे भेगाळलेले काळे रान व ज्वारीची धसकटे आहेत. बैलगाडी तेथे उलटली असती. जीप एका अंगाला कलली, सावरली आणि माणूस चालतो त्याहूनही हळू पुढे गेली.

रस्ता व जीप यांच्यामध्ये सबंध चर होता. चाक धुरपताबाईच्या जवळपासही आले नाही. अंगावरून काही गेले असेल तर ती काठ्यांची सावली गेली. ती प्रथम तिच्या पायांवर पडली, मग पोटावर, मग तोंडावर. शेंड्यांच्या फडक्याची सावली तिच्या कपाळावर हलली व पुढे गेली.

नंतर जीप चराचा उभा काठ चढून रस्त्यावर आली. पुढची चाके मातीत रुतली, त्यांनी माती धरली आणि अख्खी गाडी वर ओढून घेतली. त्या वेळी माझे हात जोडलेले होते. ते जीपला जोडले, काठीला जोडले, की चंद्रभानला, हे मला विचारण्यात आले. मला ते सांगता येत नाही. काठी कशी होते हे मला ठाऊक आहे. ती गळाची काठी होती हेही मला ठाऊक होते. तरीही हात जोडलेले होते, हे खरे आहे व ते लिहावे.

धुरपताबाई उठली, तिने जीपच्या तोंडाला कुंकू लावले व ती घरी गेली. तिला खरचटलेलेही नाही. तिची कोणाविरुद्ध तक्रार नाही.

दिनकरराव त्या वेळी वरच्या वाटेवर देवाच्या काठीबरोबर होते. त्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही, लोकांकडून ऐकला. ते चौकीत हजर असून माझा जबाब ऐकत आहेत. चौकट काढून टाकल्यास प्रकरण येथेच मिटेल, असे जमादारांनी मला सुचविले. मी नकार दिला. चौकट कायद्याप्रमाणे आहे, फडके कायद्याप्रमाणे आहे. त्यात देवाचे जे काही शिरले ते माझ्या हातातून शिरले. गुन्हा असेल तर तो माझ्या नावावर लिहावा व चंद्रभानला सोडावे.

यानंतर दिनकररावांनी मला एकच विचारले, "सावली तोंडावर आली तवा तिनं डोळे मिटले का?"

मी म्हणालो, "न्हाई मिटले. ती बघत हुती."

दिनकररावांनी बाहेर उभ्या असलेल्या जीपकडे पाहिले. मग तक्रार मागे घेऊन या जबाबावर साक्षीदार म्हणून सही करण्याकरिता त्यांनी जमादारांकडे हात पुढे करून टाक मागितला. जमादारांनी पेटीतून लायसन काढून चंद्रभानसमोर ठेवले आहे.

येणेप्रमाणे जबाब मला मोठ्याने वाचून दाखविला. मी तो स्वतःही एकवार वाचला. सांगितले तेच लिहिले आहे, कमी नाही, अधिक नाही.

सही: आसाराम मुकुंदा पांचाळ

लिहून घेणार: मुंजाजी, जमादार

समक्ष साक्षीदार:
१. किशनराव, पोलीस पाटील, मौजे बोरी
२. दिनकरराव, मानकरी, महादेव देवस्थान, मौजे बोरी (मूळ तक्रारदार)