भोकांच्या पाइपाला फेटा

तुम्ही मला एक सांगा, जमिनीत पुरायच्या पाइपाला कुणी शर्टाचं कापड गुंडाळतं का? नवंकोरं, बिनधुतलं, इचलकरंजीच्या मागावरनं थेट उतरलेलं... आमच्या घरी गुंडाळलं. एक पदर नव्हे, तीन पदर. आणि गुंडाळणारे कोण, तर पन्नाशीला टेकलेले, मिशा राखलेले दोन भाऊ. एक आमचे हे आणि दुसरे माझे धाकटे दीर, प्रभुलिंग भाऊजी. मी म्हटलं, अहो, त्या कापडाला खळ असते, धुऊन तरी घ्या... तर भाऊजी मान वर न करता म्हणाले, "वैनी, तुमी च्या टाका."

तुम्हाला सांगते, त्या पंधरवड्यात मी जेवढा चहा टाकला, तेवढा लेकीच्या लग्नातसुद्धा टाकला नव्हता.

मूळ दुखणं भिंतीचं. फुलेवाडीच्या पुढं आमचं घर, प्लॉट पडले तेव्हाच घेतलेलं, खाली काळी जमीन आणि मागच्या अंगाला अजून ऊस उभा. तिथला मालक उसाला पाणी पाजतो, त्यातलं निम्मं ऊस पितो आणि निम्मं आमची मागची भिंत पिते. रंग फुगतो, पोपडे पडतात, तांदळाचं पोतं उचलावं तर खाली हिरवट बुरशी. इतकी वर्षं त्याचं कुणाला काय होतं? खोली मागची, केर काढणारी मी.

पण यंदा आमची सौंदर्या आली ना, पहिल्या बाळंतपणाला. तिला ठेवायची कुठं, तर त्याच खोलीत. डोहाळजेवणाला तिच्या सासूबाई आल्या, शांतादेवी, बिद्रीच्या. जेवण झालं, विडा झाला, आणि त्या उठल्या ते सरळ मागच्या खोलीत. भिंतीवरनं हात फिरवला. पोपडा हातात आला, तो त्यांनी माझ्यापुढं धरला, करपलेल्या भाकरीचा पापुद्रा धरावा तसा. "विहीणबाई, ह्या ओलीत बाळंतीण निजवणार व्हय? मी पंधरा दिसानं परत येतो. खोली वाळली असंल तर ऱ्हाऊ दे, न्हायतर बाळंतपण आमी बिद्रीला करतो."

आता तुम्हीच सांगा, पहिलं बाळंतपण आणि ते सासरी? मग आईनं काय करायचं? मी शेगडी काढून ठेवली होती, डिंक आणला होता, जुनी लुगडी धुऊन त्यांच्या घड्या घातल्या होत्या. मला दुसरं काही नको होतं हो. एक कोरडी खोली.

आमच्या ह्यांनी लगेच इचलकरंजीला फोन लावला. भाऊजी तिथं मागाच्या शेडमध्ये जॉबर. म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करतात. आणि माग दुरुस्त येतो म्हटल्यावर जगातलं सगळंच दुरुस्त येतं, असा ह्या दोघा भावांचा ठाम समज. भाऊजी आले, भिंतीवर टिचकी मारली, डोळे मिटले, डॉक्टर छाती तपासतात तसं. "दादा, सोपं काम हाय. पाण्यानं बिघडल्या जमिनीत भोकाचा पाइप घालत्यात, तसाच घराभवती घालायचा. भवतीनं चर, त्यात पाइप, वर खडी. पाणी भोकातनं आत, पाइपातनं गटारीत. खलास."

ऐकायला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पाइप आला, काळा, वळ्यावळ्यांचा, अंगभर भोकं. दुकानदारानं बजावलं की ह्याला त्याचं जाळीचं कापड गुंडाळा, नाहीतर भोकांत चिखल बसेल. ते म्हटल्यावर भाऊजी असे हसले, दुकानदारच बिघडलेला माग असावा तसे. "इचलकरंजीच्या माणसाला तुमी कापड विकताय पावणं?"

आणि दुसऱ्या दिवशी तागा घेऊन हजर. काय कापड होतं... घट्ट विणीचं, कडक, हातात धरलं की कुरकुर वाजणारं. माझ्या लुगड्याला कधी असं कापड मिळालं नाही, ते पाइपाला मिळालं. मी साधी बाई, दहावीपर्यंत शिकलेली, पण परकर तरी आयुष्यभर शिवले ना? कोरं कापड बादलीत टाकलं की आधी वर तरंगतं, मग पाणी पांढरं, बुळबुळीत होतं, कांजीसारखं. मी म्हटलं, भाऊजी, हे पाणी आत सोडणार कसं?

"वैनी, च्या."

मग काय, नवरदेवाला फेटा बांधावा तसं दोघांनी त्या पाइपाला नटवलं. हे कापड ताणून धरणार, भाऊजी पदर देणार, वर मागाच्या सुतानं गाठी. गाठ मारली की मागं सरून बघायचं. एवढ्या कौतुकानं ह्यांनी कधी माझ्या अंगावरच्या साडीकडं पाहिलं असेल तर शपथ. चरात पाइप ठेवला, त्याला विभूती लावली, नारळ फोडला, वर खडी लोटली. सौंदर्या हळूच म्हणाली, "आई, पाणी गेलं न्हाय तर?" मी म्हटलं, गप बस, नाहीतर तुलाही चहा टाकायला लावतील.

पंधरा दिवसांनी संध्याकाळी विहीणबाई आल्या, व्हॅन घेऊन. आणि योग बघा, मागच्या मालकानं त्याच दुपारी उसाला पाणी सोडलेलं. ह्यांना केवढा आनंद. गटारीपाशी खुर्च्या मांडल्या, पाइपाचं तोंड समोर, आणि तिघं बसली बघत. भाऊजी हातवारे करून सांगतायत, "आता बघा अक्का, कशी धार पडती." धार कुठली, थेंब नाही. मुंगी आली त्या तोंडातनं, एक. "पाणी यायला वेळ लागतो," भाऊजी म्हणाले, "वैनी, तवर च्या टाका."

मी आत गेले. मागच्या खोलीतनं दूध आणायला म्हणून पाय टाकला, तर चपचप. खाटेखाली तळं. चर भरला होता हो काठोकाठ, पाइप काही पाणी घेईना, मग पाणी बिचारं कुठं जाणार? आधी नुसती ओल होती, आता पूर.

मी बाहेर येऊन म्हटलं, पाणी आलं.

भाऊजी मांडीवर थाप मारून उठले. "काय म्हनलं हुतं मी? कुठं?"

म्हटलं, खोलीत.

मग धावाधाव, खडी उपसली, पाइपाचं टोक बाहेर ओढलं. कापडावर लगदा, खळ आणि काळी माती कालवून हाताला चिकटणारा. भाऊजींनी तो बोटावर घेतला, हुंगला, आणि नवा शोध लागल्यागत म्हणाले, "दादा, ही तर खळ हाय. कुणी सांगितलं कसं न्हाय?" आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्याकडं, बरं का.

विहीणबाई उंबऱ्यात उभ्या, लुगडं घोट्याच्या वर धरून. मला वाटलं, आता भाऊजींना चार शब्द ऐकवतील. तर भाऊजीच पुढं झाले. "अक्का, एक बघा, पाणी कुठनं येतंय ते तर कळलं? निम्मं काम झालं की." आणि त्या बाईनं मान डोलावली. म्हणाल्या, "व्हय की, आमच्याबी मागल्या भितीला लई ओल हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सौंदर्या सासूबरोबर बिद्रीला गेली, आणि त्याच व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसून भाऊजीही गेले, विहीणबाईंच्या घराभोवती पाइप घालायला.