पणजोबांनी पिऊन बांधलेलं घर

(नेवाडाच्या वाळवंटात, सोनं संपल्यावर ओस पडलेलं गाव. लॉरीन आणि तिचा धाकटा भाऊ व्हर्जिल.)

लॉरीन : पाय उचल जरा. अंधार पडायच्या आत व्यसनमुक्ती केंद्रात पोहोचायचंय. उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत.

व्हर्जिल : म्हणून तर रमतगमत चाललोय.

लॉरीन : जाताना इरा पणजोबांचं घर दाखव म्हणालास, आणलं. ते बघ, तुरुंगापलीकडे.

व्हर्जिल : बँक भुईसपाट आणि तुरुंग शाबूत. गावाला अक्कल होती. अहाहा, हेच का ते? भिंतभर बाटल्या. लाकूड महाग, दारू स्वस्त. सोन्याचा कण मिळाला नाही, तर पठ्ठ्याने अख्खं घर पिऊन उभं केलं.

लॉरीन : बाबाही हेच सांगायचे. ग्लास हातात धरून.

व्हर्जिल : खाण तशी माती. रक्तातच आहे ते. तुझं केंद्र काय रक्त बदलून देणार? त्यापेक्षा घरी चल.

लॉरीन : घर बघून झालं की गाडीत बस.

व्हर्जिल : पाटीवर काय लिहिलंय? माझा चष्मा राहिला.

लॉरीन : एका उन्हाळ्यात बांधलं म्हणे.

व्हर्जिल : एका? छे. एवढ्या बाटल्या मलाही जमल्या नसत्या, आणि या विषयात माझ्या शब्दाला वजन आहे.

लॉरीन : मग गुत्त्यांमागून वेचल्या असतील. घरांपेक्षा गुत्ते जास्त होते इथे.

व्हर्जिल : थांब. इकडे ये, एक डोळा मीट. हा थर बघ.

लॉरीन : सरळ आहे की.

व्हर्जिल : नुसता सरळ नाही, भिंत अजून ओळंब्यात आहे. बाटली गोल, चिखल ओला, सारखी घसरते. हात जरा थरथरला की वरचे सगळे थर वाकडे. मी गवंडी आहे, लॉरीन. होतो.

लॉरीन : म्हणजे काय म्हणायचंय तुला?

व्हर्जिल : ही भिंत पिणाऱ्याच्या हातची नाही. बिचारा म्हातारा. आधी बाबांनी आणि मग मी, आपापली दारू त्याच्या नावावर खपवली.

लॉरीन : मग आता?

व्हर्जिल : आता कुणाचं नाव सांगू? भीती वाटतेय मला.

लॉरीन : मलाही वाटतेय.

व्हर्जिल : तुझ्या अंगणात मी शेवटची भिंत बांधली, ती...

लॉरीन : वाकडी आहे. म्हणून तर वेल चढवलाय तिच्यावर.

व्हर्जिल : मला वाटलं, तुला फुलांची हौस.

लॉरीन : मला फुलांनी शिंका येतात, व्हर्जिल.

व्हर्जिल : चल, गाडी काढ. परत आलो की आधी तो वेल उतरवू.